एसी गरम हवा मारतोय? गॅस भरायला जाण्याआधी गाडी तपासा

मार्च संपत आला की कोल्हापुरात दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही. एसी लावावा तर तोंडावर गरम झोत. अशा वेळी शेजारी, मेहुणे, पंपावरचा पोरगा सगळे एकच सांगतात, "गॅस संपला असंल, भरून घे." गाडी नवीन घेतलेला माणूस निमूटपणे उद्यमनगर गाठतो, गॅस भरतो, काही दिवस गार हवा खातो आणि पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभा राहतो.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. रबरी पाइपांतून आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरं, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या गाडीत तो थोडा कमी निघाला तर नवल नाही. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात गायब असेल, तर कुठंतरी गळती आहे आणि ती शोधल्याशिवाय नवीन गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आणि अनेकदा तर गॅस पुरेपूर असतो. बिघाड पंख्याचा, फ्यूजचा नाहीतर हीटरच्या झडपेचा असतो. म्हणून आधी निदान आणि मग गॅस, हा क्रम मोडू नका.

यातला बराचसा तपास तुम्ही घरासमोर करू शकता. एक छोटा डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर आणि पाण्याची नळी एवढं पुरतं. गॅसच्या पाइपचा नट मात्र घरी सैल करायचा नाही, अगदी पाव आटासुद्धा नाही. कारण पुढं येतंच आहे.

आधी थोडं समजून घ्या

माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. एसीत हेच काम आर-१३४ए नावाचा गॅस करतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात हा द्रव उकळून वायू होतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. तिथून जाड पाइपानं तो इंजिनच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरकडे येतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथं वारा लागून तो पुन्हा द्रव होतो. पुढं ओलावा शोषून घेणाऱ्या ड्रायरमधून, बारीक पाइपानं एक्सपान्शन व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कॉइलमध्ये फवारला जातो आणि दाब एकदम पडल्यानं पुन्हा उकळू लागतो.

थोडक्यात, एसी केबिनमधली उष्णता उचलून बोनेटच्या पुढं नेऊन टाकतो. ती उचलली जात नाहीये की बाहेर टाकली जात नाहीये, एवढं ओळखलं तरी अर्धं निदान झालं.

बोनेट उघडण्याआधी स्वतःला विचारा

गरम हवा नक्की कधी येते? या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, कारण यातून जे कळतं ते कित्येकदा गॅरेजमधल्या गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजमधूनही कळत नाही.

शिरोलीच्या पुढं हायवेला गाडी सुटली की गार आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबली की गरम, असं होत असेल तर नव्वद टक्के लक्ष पुढच्या पंख्याकडे आणि कंडेन्सरकडे द्या. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानंच द्यावा लागतो. किणी टोलनाक्याच्या रांगेत एसी दम टाकतो आणि पुढं परत नीट चालतो, तोही हाच प्रकार.

सुरुवातीला छान गार, अर्ध्या-पाऊण तासानं हवेचा जोरच कमी, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवून लावला की पुन्हा ठीक? मग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर बिघडलेला असू शकतो, किंवा गॅस कमी असू शकतो. हवेचा जोर तसाच राहून फक्त गारवा गेला, तर गरम झाल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याच्या पुलीशी जोडणारा भाग, सुटतोय का ते बघायचं.

वैभववाडीकडून करूळ घाट चढताना किंवा पन्हाळ्याच्या चढाला एसी काही क्षण कमी पडतो, याची मात्र काळजी करू नका. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनला ताकद मिळावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटरच कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडतो. घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर जात असेल आणि त्याबरोबर एसी बंद पडत असेल, तर एसी बाजूला ठेवा आणि आधी इंजिनचं कूलिंग बघा.

पायरी पहिली : थर्मामीटर लावा

"गार वाटत नाही" या वाक्यावर कुठलाही मिस्त्री काम करू शकत नाही. आकडा हवा. गाडी सावलीत, मोकळ्या जागी उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. काचा पाच मिनिटं उघड्या ठेवून आतली तापलेली हवा जाऊ द्या, मग बंद करा. तापमान सगळ्यात थंड, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटन) चालू, ब्लोअर मध्यम. थर्मामीटरची दांडी मधल्या व्हेंटमध्ये खोचा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर हलका धरून इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवायला सांगा.

आठ-दहा मिनिटांत मधल्या व्हेंटची हवा बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी खाली यायला हवी. बाहेर ३५ असेल तर आत १५ ते १८ ठीक, १० ते १२ उत्तम. २५ च्या वर अडकला तर बिघाड नक्की. आता हाच प्रयोग १५०० आरपीएम सोडून आयडलिंगवर करा. दोन्ही आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. गॅरेजवाल्याशी बोलताना हे आकडे तुमच्या बाजूनं उभे राहतात.

पायरी दुसरी : हवा येतेय का?

ब्लोअरचा आवाज मोठा पण हवा कमी, तर केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, दोन क्लिपा सोडल्या की हातात येतो. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात या फिल्टरची काय अवस्था होते ते एकदा बघाच. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात असतात, पाचटाचे बारीक तुकडे आणि धूळ हवेत असते, आणि ते सगळं इथं येऊन बसतं. शेतावर गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी इथंच कापूस-कागदाचं घरटं केलेलं सापडतं. फिल्टर काळा झाला असेल तर झटकून परत बसवू नका, बदला.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेलाय. काम छोटं आहे. अजिबात चालत नसेल तर फ्यूज, मग मोटर.

आणखी एक खूण. दमट दिवसांत एसी नीट चालत असेल तर गाडीखाली डाव्या बाजूला पाणी ठिबकतं. ते कॉइलवर जमलेलं दव असतं, गळती नव्हे. बाहेर थेंब नाही आणि पुढच्या सीटच्या पायाखालचा मॅट ओला झालाय, तर ड्रेन पाइप तुंबलाय. पावसाळ्यात मातीनं तो हमखास बुजतो.

पायरी तिसरी : पुढची जाळी आणि पंखा

इथं घाई करू नका. कोल्हापूरच्या गाड्यांच्या तक्रारीचं मूळ याच जाळीत सापडण्याची शक्यता मोठी आहे.

पुढच्या ग्रिलमधून टॉर्च मारा. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढं असलेली ॲल्युमिनियमची चपटी जाळी. तिच्या बारीक पात्यांमध्ये किडे, चिखल, पाचट दिसेल. काही वेळा पुढून जाळी स्वच्छ दिसते आणि कचरा मागं, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत दबलेला असतो, वाळून त्याचा नमदा झालेला. हायवेला पावसात ट्रकमागून चालणाऱ्या गाडीत ही फट चिखलानंच लिंपलेली निघते.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर साध्या नळीच्या पाण्यानं धुवा, शक्य असेल तिथं आतल्या बाजूनं बाहेर, म्हणजे वारा जातो त्याच्या उलट दिशेनं. सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरची गन जवळ धरून कंडेन्सर धुऊ देऊ नका. पाती मुडपतात, आणि मुडपलेल्या पात्यांतून वारा जात नाही. वाकलेली पाती बारीक कंगव्यानं किंवा लाकडी काडीनं हळूच सरळ करता येतात. लोखंडी टोचा वापरू नका, भोक पडलं तर सगळा गॅस जाईल.

आता पंखा. इंजिन चालू करून एसी लावा आणि बोनेट उघडून दुरून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच किंवा थोड्या वेळात पंखा फिरायला लागतो. हात, ओढणी, मोबाइलची वायर, काहीही पंख्याजवळ नको. इंजिन बंद असतानाही गरम गाडीचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. पंखा फिरतच नसेल तर फ्यूज, रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि मोटरच्या सॉकेटवर करंट येतो का, या क्रमानं बघा. करंट येतोय पण पंखा जड आहे, तर मोटरचे ब्रश झिजलेत. पंखा फिरतो पण रडतखडत? तोही दोषीच, फक्त ओळखायला अवघड. दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाचा रेझिस्टर जळाला, की पंखा इंजिन फार तापल्यावरच सुरू होतो आणि तोवर एसी गरम हवा मारत राहतो.

खात्री करायला जुन्या मिस्त्रींची एक सोपी चाचणी आहे. गाडी आयडलिंगला, एसी चालू, व्हेंटमध्ये थर्मामीटर. ग्रिलमधून कंडेन्सरवर हळूहळू एक-दोन बादल्या साधं पाणी ओता. दोन मिनिटांत व्हेंटची हवा स्पष्टपणे गार झाली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बऱ्यापैकी ठीक आहेत, कंडेन्सरला वाराच मिळत नाहीये. या एका चाचणीनं फुकट गॅस भरण्यातून कितीतरी लोक वाचतील.

पायरी चौथी : कॉम्प्रेसर लागतोय का?

ब्लोअर चालू ठेवून एसीचं बटन दाबा आणि ऐका. ज्या कॉम्प्रेसरला क्लच आहे त्यात 'टक्' असा आवाज येतो, आरपीएम किंचित हलतो आणि पुलीच्या पुढची चकती पुलीबरोबर फिरायला लागते. पुली नेहमीच फिरते. बघायची ती पुढची चकती.

चकती फिरत नाही? आधी फ्यूज. जळाला असेल तर तितक्याच अँपिअरचा टाका. तार जोडून काम भागवणं म्हणजे आगीला निमंत्रण. मग रिले. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. तरीही नाही, तर क्लचच्या वायरीवर टेस्ट लॅम्प लावा. इथून दोन वाटा फुटतात.

लॅम्प लागला, म्हणजे १२ व्होल्ट पोचतायत पण क्लच ओढत नाही. कॉइल जळाली असेल, किंवा झिजून चकती आणि पुलीमधली फट वाढली असेल. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. गार गाडीत लागतो आणि तापल्यावर सुटतो अशी तक्रार असेल तर ही फटच बघा. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये शिम, म्हणजे पातळ वॉशर, काढून ती कमी करता येते; नवा कॉम्प्रेसर घ्यायची गरज नसते. हे काम मात्र करणारा जाणकार हवा.

लॅम्प लागला नाही, तर कुणीतरी करंट अडवतोय. अडवणारा बहुधा प्रेशर स्विच असतो. गॅस फारच कमी झाला की तो कॉम्प्रेसर लागू देत नाही, कारण गॅसबरोबरच तेल फिरतं आणि तेलाविना कॉम्प्रेसर आवळून बसतो. काही जण या स्विचच्या सॉकेटमध्ये वायरचा तुकडा घालून कॉम्प्रेसर जबरदस्तीनं चालवतात. तुमच्या गाडीत हे होऊ देऊ नका. काही शे रुपयांच्या शोधासाठी हजारोंचा कॉम्प्रेसर पणाला लागतो.

अलीकडच्या अनेक गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह गॅसचं प्रमाण कमी-जास्त करतो. तिथं 'टक्' आवाजाची वाट बघू नका. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या की बोनेट बंद करा. तिथला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो.

पायरी पाचवी : पाइपाला हात लावा

एसी दहा मिनिटं चालल्यावर इंजिन बंद करा आणि फायरवॉलजवळचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे, दोन ॲल्युमिनियमचे पाइप लगेच चाचपून बघा. जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा. बारीक पाइप कोमट ते गरम असतो. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणारा पाइप तर भाजण्याइतका तापतो, त्याला हात लावू नका.

जाड पाइप थंडगार आहे आणि तरीही व्हेंटमधून गरम हवा येतेय, तर एसी त्याचं काम चोख करतोय. गार झालेली हवा डॅशबोर्डच्या आत हीटरवरून जातेय. तापमानाची झडप अडकली असेल, तिची केबल निसटली असेल किंवा मोटरचे गिअर तुटले असतील. एकीकडून गार आणि दुसरीकडून गरम हवा येत असेल तर ऑटो क्लायमेटच्या गाड्यांत आधी याच झडपेवर संशय घ्यावा. साध्या गाडीत गॅस कमी असल्याचीही ती खूण असू शकते. बॅटरी बदलल्यानंतर हे सुरू झालं असेल तर काही गाड्यांत झडपेचं कॅलिब्रेशन पुन्हा करून भागतं.

दोन्ही पाइप सारखेच कोमट, तर गॅस नाही किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. आता गॅरेज गाठायची वेळ झाली.

गॅरेजमध्ये : गेज काय सांगतं

निळ्या नळीचा मीटर लो बाजूला, म्हणजे जाड पाइपाला लागतो. लाल नळीचा हाय बाजूला. बंद गाडीत दोन्ही काटे सारखेच असतात. ३० अंशांच्या दिवशी आर-१३४एचा बंद दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय येतो, ३५ अंशांना ११५ च्या आसपास. हा आकडा बरोबर आला म्हणून गॅस पूर्ण आहे असं मात्र नाही. नळीत थोडासा द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच दाखवतो. आकडा खूप कमी आला तर मात्र गॅस गेलाय हे नक्की.

चालू गाडीत उन्हाळ्याच्या दिवशी लो बाजू ३० ते ४५ आणि हाय बाजू २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान असली की समाधान मानावं. दोन्ही खाली, तर गॅस कमी. दोन्ही चढलेले, तर कंडेन्सर उष्णता टाकत नाही, गॅस जास्त भरलाय किंवा आत हवा शिरलीय. इथं आणखी गॅस घालणारा माणूस तुमचं नुकसान करतोय. लो चढलेला आणि हाय खाली, दोन्ही एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय. लो शून्याकडे किंवा व्हॅक्यूमकडे गेला, तर वाट तुंबलीय, बहुधा एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी किंवा ड्रायरमध्ये, आणि जिथं तुंबलंय तिथं पाइपावर गारठा किंवा बर्फ दिसतो. काटा काही मिनिटं बरोबर आणि मग खाली जात असेल, तर आत ओलावा आहे, तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतोय.

मिस्त्रींना काटे दाखवायला सांगण्यात संकोच करू नका. "मामा, चालू गाडीत लो-हाय किती येतंय, जरा दाखवता का?" एवढं विचारलं तरी कामाचा सूर बदलतो. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो, वर दोन गोष्टी समजावून सांगतो.

गळती कशी शोधतात

गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि तेलावर धूळ चिकटते. म्हणून आधी डोळ्यांनी काळे, ओशट डाग शोधायचे: पाइपांच्या सांध्यांवर, कॉम्प्रेसरच्या पुलीमागं, कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात जिथं दगड लागतात. गॅस भरायच्या तोंडांवरच्या टोप्या काढून आतल्या पिनवर साबणाचं पाणी टाका. सायकलच्या ट्यूबसारखी ती पिनही गळते, आणि ती बदलणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम असेल.

डाग दिसला नाही तर रिकाम्या सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावतात. नायट्रोजन कोरडा असतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी असतं. ऑक्सिजनचा सिलिंडर तर कधीच नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. फारच सूक्ष्म गळतीला गॅसबरोबर यूव्ही डाय, म्हणजे चमकणारा रंग, घालून काही दिवसांनी निळ्या टॉर्चखाली बघतात. बाहेर कुठंच काही सापडत नसेल आणि ड्रेन पाइपाच्या तोंडाशी डाय चमकत असेल, तर कूलिंग कॉइल फुटलीय. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे या निदानावर पुरावा बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

गळती बुजवणारं औषध डब्यातून ओतायला कुणी सुचवलं तर नकार द्या. ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅरेजच्या मशीनमध्येही बसतं. घरगुती सिलिंडरसारख्या ज्वलनशील वायूंवर आधारलेला स्वस्त गॅस तर थेट जिवाशी खेळ आहे. कॉइल केबिनमध्ये आहे. गळती झाली तर तो गॅस तुमच्या पायाशी येतो.

दुरुस्तीनंतर भरणं

गळका भाग बदलला, ओ-रिंग नव्या घातल्या, आणि सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा. कॉम्प्रेसर आतून फुटून त्याचा चुरा फिरला असेल तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलावे लागतात, पाइप धुवावे लागतात. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो धुऊन साफ होत नाही, बहुधा बदलावाच लागतो. इथं वाचवलेले पैसे नव्या कॉम्प्रेसरच्या मुळावर येतात.

मग व्हॅक्यूम. किमान अर्धा तास, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याहून जास्त. दाब इतका खाली आणला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंप ते ओढून घेतो. पुस्तकात ३० इंच व्हॅक्यूम लिहिलेला असतो, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथं हवेचा दाबच कमी, त्यामुळे चांगल्या पंपाचाही काटा २८ च्या आसपास थांबतो. त्यावरून मिस्त्रींशी वाद घालू नका. पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा तिथंच राहतो का ते मात्र बघा. मागं सरकला तर गळती अजून आहे.

गॅस वजनावर भरायचा. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान हॅचबॅकला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. 'हात लावून गार लागेपर्यंत' भरणं चुकीचं, कारण जास्त गॅसनं गारवा वाढत नाही, हाय बाजूचा दाब वाढतो. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर त्यात आर-१३४ए घालू देऊ नका. तेलही गाडीला सांगितलेल्याच प्रकारचं हवं. मशीननं जुना गॅस काढताना किती ग्रॅम निघाला ते विचारा. ४५० च्या जागी ४०० निघाला तर एसी बंद पडण्याचं कारण गॅस नव्हतं.

हा जुना गॅस हवेत सोडून देणारी गॅरेजेसही आहेत. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस आहे. शिवाय बाहेर उसळणारा द्रव गॅस कातडीवर पडला तर मांस गोठतं, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घरी नट सैल करू नका असं सुरुवातीला सांगितलं ते यासाठी. रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज निवडा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पाण्यात गेलेली गाडी

२०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर हे वेगळं सांगायला हवं. पंचगंगेचं पाणी बंपरच्या वर चढून गेलं असेल तर एसी लावून बघण्याचा मोह टाळा. ब्लोअरच्या मोटरमध्ये आणि क्लचच्या बेअरिंगमध्ये गाळ असतो, फ्यूज बॉक्स ओला असतो. आधी बॅटरी सोडवा, गाळ वाळायच्या आत कंडेन्सर धुवा, फिल्टर फेकून द्या, सगळे सॉकेट कोरडे करून घ्या आणि मगच वायरिंगवाल्याकडून करंट द्या. कंडेन्सरमधला पुराचा गाळ एकदा वाळला की सिमेंटसारखा धरतो.

काम झाल्यावर

पहिल्या पायरीतला थर्मामीटर पुन्हा लावा, शक्यतो तशाच उन्हाच्या वेळी, १५०० आरपीएमला आणि आयडलिंगला. दोन्ही आकडे, भरलेले ग्रॅम आणि तारीख फोनमध्ये जुन्या नोंदीखाली लिहा. बदललेले जुने भाग मागून घ्या. तीन-चार आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा करा. आकडा पाच-सहा अंशांनी वर गेला असेल तर गळती राहिलीय, बिल घेऊन त्याच गॅरेजला जा. आणि पावसाळ्यात, थंडीत एसी महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटं चालवला की कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं, आणि पावसात काचेवरची वाफही त्यानंच सगळ्यात लवकर जाते.